हृदयाची ताकद वाढली, तरी गोळ्या चालूच ठेवायच्या का?

कृष्णाकाठ

नमस्कार. माझी आई ६६ वर्षांची असून वाईजवळच्या आमच्या गावी धाकट्या भावाकडे राहते. काही वर्षांपूर्वी तिला चढण चढताना धाप लागू लागली, पुढे रात्री आडवे झाले की खोकल्याची ढास येई आणि उठून बसल्याशिवाय श्वास मिळत नसे. आधी दमा समजून उपचार झाले. पावलांवर सूज आली तेव्हा कोणीतरी टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) करायला सांगितले आणि त्यात इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे हृदय प्रत्येक ठोक्यात आतले किती टक्के रक्त बाहेर टाकते तो आकडा, २५ निघाले. अँजिओग्राफीत एकही अडथळा सापडला नाही. कागदावर ‘डायलेटेड कार्डिओमायोपथी, हार्ट फेल्युअर’ असे निदान आले, म्हणजे हृदय फुगून त्याचा स्नायू अशक्त झाला होता.

तेव्हापासून ती सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टन, कार्व्हेडिलॉल, स्पायरोनोलॅक्टोन, डॅपाग्लिफ्लोझिन आणि लघवीची एक गोळी घेते. नुकताच पुन्हा एको केला, तर आकडा ४८ वर आला आहे. ती शेतापर्यंत चालत जाते, उशाला एकच उशी घेते आणि सूज नावालाही नाही. आता घरात सगळ्यांचे मत असे झाले आहे की आई बरी झाली, तेव्हा गोळ्या बंद कराव्यात. एक मावशी सांगते की इतक्या गोळ्यांनी मूत्रपिंडे निकामी होतात, भावाला दरमहाचा खर्च जड जातो आणि आईला तर गोळ्यांचा वीटच आला आहे. डॉक्टरांनी ‘आयुष्यभर घ्यायच्या’ एवढेच सांगितले. बाहेर रांग मोठी होती.

डॉक्टरांना विचारायचे आहेच, पण नेमके काय विचारायचे हे कळावे म्हणून हा धागा. आकडा सुधारल्यावर औषधे कमी करता येतात का? नसतील, तर का नाहीत? आणि हा आजार घेऊन जे अनेक वर्षे जगत आहेत, त्यांचा दिवस कसा जातो?

निवृत्त_मास्तर

मी स्वतः या गल्लीतला जुना रहिवासी आहे. मोठा झटका येऊन गेला, डाव्या बाजूचा बराच स्नायू मेला आणि त्यानंतर दहा-बारा वर्षे मी या आजारासह जगतो आहे. तुमच्या शेवटच्या प्रश्नापुरते लिहितो, कारण उरलेल्या प्रश्नांना उत्तर देण्याची माझी पात्रता नाही.

सकाळी शौचाला जाऊन आल्यावर आणि चहाच्या आधी मी वजनकाट्यावर उभा राहतो, कपडे रोज साधारण सारखेच असतात, आणि आकडा कालनिर्णयच्या त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीने लिहितो. माणूस तीन दिवसांत दोन किलोंनी जाड होत नाही. तेवढे वजन वाढले तर ते अंगात साठलेले पाणी असते, आणि ते पायावर दिसण्याच्या किंवा छातीत जाणवण्याच्या आधी काट्यावर दिसते. मग नडगीवर अंगठा दाबून खळगा पडतो का ते पाहतो. चपलेचा पट्टा एक भोक सैल करावा लागला, वाकून बुटाची नाडी बांधताना दम लागला, रात्री दुसरी उशी मागावीशी वाटली, यांपैकी काहीही झाले की त्याच दिवशी दवाखान्यात फोन करतो. सोमवारची वाट पाहत नाही. या सवयीमुळे दवाखान्यात भरती होण्याची वेळ कित्येकदा टळली असावी असे माझे मत आहे. पुरावा मात्र माझ्याकडे नाही.

लेखापाल

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते येथे आवडणार नाही याची कल्पना आहे. सामान्य माणसाचा इजेक्शन फ्रॅक्शन ५५ ते ७० असतो, कारण कोणाचेच हृदय प्रत्येक ठोक्यात आतले सगळे रक्त बाहेर टाकत नाही. त्या हिशेबाने ४८ म्हणजे जवळजवळ सामान्यच. मग पाच-पाच औषधे कशासाठी? माझ्या सासऱ्यांनी अशाच परिस्थितीत सर्व गोळ्या सोडल्या, आणि पुढे ते सहा वर्षे शेती करत होते. औषध कंपन्यांना आयुष्यभराचे गिऱ्हाईक हवे असते, हेही विसरू नये.

खवय्या_रंकाळा

वाचनखूण साठवली आहे. वडिलांसाठी मीठ बंद करायला सांगितले आहे, त्याबद्दलही कोणी लिहिले तर बरे होईल. कोल्हापुरात अळणी रस्सा वाढणे हा गुन्हा मानतात.

नळी_आणि_हातोडी

मी विदर्भात फिजिशियन म्हणून काम करतो. कोणत्याही एका रुग्णाला येथून सल्ला देणे योग्य नाही; तत्त्व मात्र सांगता येईल.

हृदय अशक्त झाले की शरीराचा असा समज होतो की रक्तस्राव होत आहे किंवा पाणी कमी पडले आहे. मग मूत्रपिंडे मीठ-पाणी धरून ठेवतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि अ‍ॅड्रिनॅलिनसारखी द्रव्ये हृदयाला वेगाने धावायला लावतात. जखमी माणसाला हा उपाय काही तास तारतो, पण तोच महिनोन्महिने चालू राहिला तर हृदय फुगते, त्यात तंतू वाढतात आणि ते आणखी थकते. तुमच्या आईंची पहिली चारही औषधे हे दुष्टचक्र वेगवेगळ्या ठिकाणी तोडतात. थकलेल्या बैलाला पराणी टोचत राहण्यापेक्षा गाडीतला भार उतरवावा, तसे ते आहे. म्हणूनच एके काळी या आजारात निषिद्ध मानलेले बीटा ब्लॉकर (हृदयाचा वेग कमी करणारी औषधे, कार्व्हेडिलॉल त्यांतलेच) आज त्याच्या उपचाराचा कणा आहेत. स्वीडनमधील गोथेनबर्गच्या डॉक्टरांनी १९७५ मध्ये ते धाडस प्रथम केले, आणि १९९९ मध्ये मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आल्यावर जगाने ते मान्य केले.

आता मूळ प्रश्न. आकडा औषधांमुळे सुधारला, की आजारच गेला? हे ताडून पाहण्यासाठी लंडनमध्ये एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये छापले गेले. डायलेटेड कार्डिओमायोपथीचे ५१ रुग्ण निवडले. सगळ्यांना लक्षणे शून्य, इजेक्शन फ्रॅक्शन ५० च्या वर, हृदयाचा आकार पूर्ववत. त्यांतल्या निम्म्यांची औषधे देखरेखीखाली हळूहळू काढली. सहा महिन्यांत औषधे काढलेल्या २५ पैकी ११ जणांचा आजार परतला. औषधे चालू असलेल्यांपैकी एकाचाही नाही. तुमच्या आईंचा आकडा तर अजून ५० च्या खाली आहे.

लेखापाल

डॉक्टर, आकडे दिलेत याबद्दल आभार, पण माझा व्यवसायच आकड्यांचा आहे. २५ पैकी ११ जणांचा आजार परतला याचा अर्थ १४ जणांचा परतला नाही. म्हणजे निम्म्याहून अधिक लोक विनाकारण गोळ्या खात होते असे म्हणता येईल. शिवाय ५१ माणसांवरून जगाला नियम लावणे कितपत योग्य?

नळी_आणि_हातोडी

प्रश्न रास्त आहे. चाचणी लहान होती आणि ती सहा महिन्यांचीच होती. त्या १४ जणांचे पुढे काय होणार हे सहा महिन्यांत ठरत नाही. दुसरे असे की त्या २५ जणांना रांगेत उभे करून ‘तुमचा परतणार, तुमचा नाही’ असे आधी सांगण्याचे खात्रीचे साधन आज कोणाच्याही हाती नाही. त्या रुग्णांवर एमआरआय, रक्तचाचण्या आणि वारंवार तपासण्यांची करडी नजर होती, म्हणून घसरण वेळीच सापडली आणि औषधे लगेच पुन्हा सुरू झाली. वाईजवळच्या गावात परस्पर गोळ्या थांबवलेल्या बाईंची घसरण पहिल्यांदा दिसेल ती रात्री दोन वाजता, छातीत घरघर होऊन. तुमच्या सासऱ्यांच्या निदानाचे मूळ कारण काय होते हे कळले, तर त्यांच्याविषयी काही म्हणता येईल.

लेखापाल

कारण दारू होते, असे घरच्यांकडून आताच कळले. झटका आल्यावर त्यांनी ती पूर्ण सोडली होती.

नळी_आणि_हातोडी

मग बरेचसे उत्तर त्यातच आहे. दारू, अनियंत्रित थायरॉईड, आठवडेच्या आठवडे फार वेगाने चाललेली नाडी यांसारखे कारण सापडले आणि ते दूर झाले, तर काही हृदये खरोखर सावरतात. तरीही औषधे काढायची की नाही हे एको पाहत पाहत ठरवतात. ज्यांचे कारणच सापडलेले नाही, त्यांच्या बाबतीत ‘कारण गेले’ असे कोणी कशावरून म्हणावे?

रानजाई

डॉक्टरांच्या या मुद्द्याला माझे उदाहरण जोडते. मुलीच्या जन्मानंतर दुसऱ्या आठवड्यात मला झोपता येईना. बाळंतपणानंतर पाय सुजतातच, रात्री जागरण होतेच, असे सगळ्याच बायकांनी समजावले आणि मीही ते धरून चालले, कारण तान्ह्या बाळाच्या आईला दमणे वेगळे आणि धाप लागणे वेगळे हे कोणी सांगितलेले नसते. माझ्या नणंदेने मला बसून झोपताना पाहिले आणि तिने हट्टाने दवाखान्यात नेले. पेरिपार्टम कार्डिओमायोपथी, म्हणजे बाळंतपणाच्या सुमारास हृदय अशक्त होणे; आकडा ३०.

आज तो ५८ आहे. माझ्या डॉक्टरांनी काही वर्षे सामान्य आकडा टिकल्यावर एकेक औषध, प्रत्येक वेळी काही महिन्यांचे अंतर ठेवून आणि मध्ये एको करून, कमी केले. एक अजून चालू आहे. कृष्णाकाठ, म्हणजे औषधे कधीच कमी होत नाहीत असे नाही. पण ते कमी करणे हा स्वतंत्र उपचार असतो, आणि तो कोणाच्या तरी नजरेखालीच होतो. एक गोष्ट तरुण मुलींसाठी मुद्दाम लिहिते: यांतली काही औषधे गर्भाला घातक आहेत आणि दुसरे बाळंतपण हा आजार परत आणू शकते, तेव्हा हा निर्णय सासू-सासऱ्यांच्या इच्छेवर सोडण्यासारखा नाही.

निवृत्त_मास्तर

@रानजाई, नणंदेला माझा नमस्कार सांगा. नणंदेच्या नावाने इतक्या ओव्या रचल्या गेल्या, पण तिच्या बाजूची एकही माझ्या ऐकिवात नाही.

औषधपेटी

मी नाशिककडे औषधांचे दुकान चालवतो. काउंटरच्या या बाजूने रोज जे दिसते ते लिहितो.

पहिली गोष्ट डॅपाग्लिफ्लोझिनची. ‘मला शुगर नाही, मग ही शुगरची गोळी कशाला?’ असे म्हणून निम्मे लोक ती परत करू पाहतात, आणि घरातला कोणी शिकलेला मुलगा इंटरनेटवर नाव पाहून ती बंदच करतो. ही गोळी मधुमेहासाठी आली हे खरे, पण २०१९ मध्ये मोठ्या चाचणीत असे दिसले की मधुमेह नसलेल्या हृदयरुग्णांनाही तिचा तेवढाच फायदा होतो. मूत्रपिंडांच्या भीतीबद्दल सांगायचे तर हीच गोळी मूत्रपिंडांचे रक्षण करण्यासाठीही दिली जाते. सुरुवातीला क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारा रक्तातला आकडा) थोडे वर जाते, ते पाहून लोक घाबरतात.

दुसरी गोष्ट खर्चाची. डॅपाग्लिफ्लोझिनचे पेटंट २०२० मध्ये आणि सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टनचे २०२३ च्या सुरुवातीला संपले. तेव्हापासून अनेक कंपन्यांची तीच औषधे पुष्कळ कमी किमतीत मिळतात. भावाची चिठ्ठी जुन्याच महागड्या नावाने चालली असेल तर डॉक्टरांना स्वस्त पर्याय लिहून मागावा, आणि जवळच्या जनऔषधी केंद्रात चौकशी करावी. सरकारी योजनांतून दवाखान्यातली भरती निघते, दरमहाच्या गोळ्या खिशातूनच घ्याव्या लागतात, म्हणून हा फरक मोठा आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत धोक्याची. नाव बदलले की लोक जुनी आणि नवी अशा एकाच औषधाच्या दोन्ही गोळ्या घेतात. त्याहून वाईट म्हणजे घरात उरलेली रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल या रक्तदाबाच्या गोळ्यांची जुनी पट्टी सॅक्युबिट्रिलच्या नव्या गोळीबरोबर संपवतात. या दोन्हींत निदान ३६ तासांचे अंतर लागते, नाहीतर चेहरा आणि घसा सुजून जिवावर बेतू शकते. जुन्या पट्ट्या घरात ठेवूच नयेत.

आणि गुडघेदुखी! डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्या अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात आणि लघवीच्या गोळीचा परिणाम खोडून काढतात. हृदयरुग्णाला पंधरा दिवस व्यवस्थित ठेवलेले पाणी या गोळ्या दोन-तीन दिवसांत परत आणतात. मधुमेह्यांनी आपल्या चिठ्ठीत पायोग्लिटाझोन आहे का तेही पाहून घ्यावे. तीही पाणी साठवते.

कृष्णाकाठ

@औषधपेटी, आईच्या उशाशी दुखण्याच्या गोळ्यांची पट्टी असतेच. गावातल्या दुकानात ती मागितली की मिळते. भावाला आताच फोन केला.

खवय्या_रंकाळा

मिठाचा प्रश्न अजून तसाच आहे. आमच्याकडे आता सैंधव वापरतात, ते चालते असे सांगितले आहे.

शेवाळी

सैंधव हेही मीठच आहे, सोडियम क्लोराइडच. रंग गुलाबी म्हणून हृदयाला ते वेगळे वाटत नाही. ‘कमी सोडियमचे मीठ’ म्हणून पाकिटात मिळते त्याबद्दल तर अधिकच सावध राहावे, कारण त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम घातलेले असते. स्पायरोनोलॅक्टोन आणि सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टन घेणाऱ्यांच्या रक्तात पोटॅशियम आधीच वाढू पाहते, आणि ते फार वाढले तर हृदयाचे ठोके बिघडतात. रोज शहाळे पिणाऱ्यांनाही हेच लागू आहे. मी आहारतज्ज्ञ आहे आणि ‘नैसर्गिक आहे’ हे वाक्य मी दिवसातून किती वेळा ऐकते ते विचारू नका.

जागतिक आरोग्य संघटना निरोगी माणसालाही दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते, म्हणजे सपाट चहाचा चमचा. आपल्या घरात भाजी-आमटीत मीठ कमी करतात आणि मग चव नाही म्हणून ताटात लोणचे, पापड आणि शेंगदाण्याची चटणी येते, त्यामुळे हिशेब पहिल्यापेक्षा वाढतो. चिवडा, शेव, खारी, पाव, पाकिटातले सूप, सुकट आणि खाण्याच्या सोड्याने फुगवलेला ढोकळा, यांत सोडियम भरपूर असते. पित्तावर पाण्यात फसफसणारी पूड घेतली जाते, ती तर सोडाच असते.

उलट बाजूही सांगते. मीठ अगदी तोडावे असे आता कोणी आग्रहाने सांगत नाही. सोडियम दिवसाला दीड ग्रॅमच्या आत आणण्याचे उद्दिष्ट ठेवलेली एक मोठी चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात भरती किंवा मृत्यू कमी झाले नाहीत. वडिलांना रस्सा द्या. वाटी लहान घ्या, मीठ निम्मे घाला, लिंबू, कोकम, लसूण, मिरे सढळ हाताने वापरा, आणि वरून मीठ घेणे बंद करा. म्हाताऱ्या माणसाचे जेवणच तुटले तर त्याचे स्नायू झिजतात आणि ते नुकसान मिठापेक्षा मोठे असते.

मांडवीकाठ

गोव्यात आमच्या घरी मावशींना हा आजार आहे. पावसाळ्यात खाऱ्या सुंगटांची (सुक्या कोळंबीची) किसमूर आणि सुके बांगडे याशिवाय जेवण उतरत नाही. दर वर्षी मृग लागल्यावर पंधरा दिवसांतच त्यांचे पाय सुजतात, आणि दर वर्षी हवेला दोष दिला जातो.

खवय्या_रंकाळा

@शेवाळी, वाटी लहान घेण्याचा ठराव घरात बहुमताने फेटाळला गेला आहे. मीठ निम्मे करण्याचा मंजूर झाला. पाण्याचे काय? दीड लिटरच्या वर पाणी नको असे सांगितल्यापासून वडील तांब्या मोजत बसतात आणि चिडचिड करतात.

नळी_आणि_हातोडी

पाण्याचे बंधन सरसकट सर्वांना नसते. ज्यांच्या अंगात पाणी साठलेले आहे किंवा रक्तातले सोडियम घसरले आहे, त्यांना ते लागते. प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णांवर नेदरलँड्समध्ये झालेली एक चाचणी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. दीड लिटरचे बंधन पाळणाऱ्यांना त्याचा ठळक फायदा दिसला नाही, तहान मात्र जास्त लागली. तुमच्या वडिलांची प्रकृती स्थिर असेल तर हे बंधन अजून हवे का, असा प्रश्न त्यांच्या डॉक्टरांना जरूर विचारा.

सुभाषनगरकर

माझा प्रश्न वेगळा आहे. बायकोचा इजेक्शन फ्रॅक्शन ६२ आहे, म्हणजे उत्तम. तरी जिना चढताना धाप लागते, पाय सुजतात, आणि आता डॉक्टर म्हणतात की हेही हार्ट फेल्युअरच. आकडा चांगला असताना हे कसे?

नळी_आणि_हातोडी

हृदयाची दोन कामे आहेत: आकसून रक्त बाहेर टाकणे आणि सैल होऊन रक्त आत घेणे. इजेक्शन फ्रॅक्शन पहिल्या कामाचे माप आहे. दीर्घकाळचा रक्तदाब, मधुमेह, स्थूलपणा आणि वय यांमुळे स्नायू ताठर झाला तर तो आकसतो व्यवस्थित, पण सैल नीट होत नाही. मग रक्त मागे फुफ्फुसात तुंबते. उतारवयातल्या स्त्रियांमध्ये हा प्रकार बराच आढळतो आणि ‘तुमचे हृदय छान आहे, वजन कमी करा’ असे सांगून त्यांना घरी पाठवले जाते. हृदयावर ताण आला की रक्तात वाढणाऱ्या एनटी-प्रोबीएनपी या द्रव्याची चाचणी निदानाला मदत करते. मात्र स्थूल व्यक्तींत ती कमी येऊ शकते हे लक्षात ठेवावे. या प्रकारात कोणत्याच औषधाचा उपयोग दिसत नव्हता. २०२१ आणि २०२२ मधल्या चाचण्यांनंतर एम्पाग्लिफ्लोझिन आणि डॅपाग्लिफ्लोझिन यांनी भरती होण्याचे प्रमाण कमी होते, हे स्पष्ट झाले.

पाचगणी_एसटी

लघवीच्या गोळीविषयी कोणीच मोकळेपणाने लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. लग्न, बारसे, तेरावे, कोठेही जायचे असले की सकाळची गोळी आम्ही बायका चुकवतो. एसटी तीन तास थांबत नाही, आणि थांबते तेथल्या स्वच्छतागृहात पाय ठेवण्याची सोय नसते. मग लग्नातले जेवण, त्यातले मीठ आणि चुकवलेली गोळी, असे सगळे मिळून दोन दिवसांनी दवाखाना. पुरुष डॉक्टरांना हे सांगायला आमच्या आयांना संकोच वाटतो आणि ‘गोळ्या वेळेवर घेता ना?’ याला त्या ‘हो’ म्हणतात. माझ्या आईच्या डॉक्टरीणबाईंनी स्वतःहून हा विषय काढला आणि सांगितले की प्रवासाच्या दिवशी गोळी मुक्कामाला पोहोचल्यावर घेतली तरी चालेल, फक्त झोपण्याच्या वेळेला नको. दोन ओळींच्या या परवानगीने आमचे घर सुटले.

निवृत्त_मास्तर

सहमत. पुरुषांचेही तसेच आहे. नाट्यगृहात मी नेहमी कडेची खुर्ची मागतो आणि पहिला अंक मला अजून कोणत्याही नाटकाचा सलग पाहता आलेला नाही.

ज्ञानबातुकाराम

वडिलांना हा आजार आहे आणि आषाढीला आळंदीहून चालत निघायचेच असा त्यांचा हट्ट आहे. आकडा ४०. गेली काही वर्षे गेले नाहीत म्हणून खंगले आहेत. घरचे नाहीच म्हणतात. काय करावे?

नळी_आणि_हातोडी

चालणे या आजारात निषिद्ध नाही, उलट उपचाराचाच भाग आहे. चालताना शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे, एवढे माप पुरते. अडचण दिवे घाटाची, उन्हाची, रात्रीच्या ओल्या मुक्कामाची आणि वाटेतल्या अन्नाची आहे. घाम, जुलाब किंवा उलट्या होत असताना लघवीची गोळी, स्पायरोनोलॅक्टोन आणि डॅपाग्लिफ्लोझिन तशीच चालू राहिली तर रक्तदाब आणि मूत्रपिंडे दोन्ही कोसळू शकतात; अशा दिवशी कोणती गोळी थांबवायची आणि कधी सुरू करायची हे आधीच लिहून घ्यावे. एकादशीच्या निर्जळी उपवासाचा डॅपाग्लिफ्लोझिनशी मेळ बसत नाही, हेही विचारून घ्यावे. संपूर्ण वाट नाहीच जमली, तर शेवटचे एक-दोन सपाट टप्पे चालणे आणि बाकी दिंडीच्या वाहनात बसणे यावर मी माझ्या काही रुग्णांना राजी केले आहे. प्रवासाआधी एको, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पाहून त्यांच्या डॉक्टरांनी होकार दिला तरच.

ज्ञानबातुकाराम

वाखरीपासून पुढे एवढे तरी मिळाले तर ते मानतील. घरी हे वाचून दाखवतो.

टेम्सपार

मी इंग्लंडमध्ये राहतो. येथे सासूबाईंना हा आजार झाल्यावर एक खास प्रशिक्षित परिचारिका मिळाली, जिचे कामच या रुग्णांच्या गोळ्यांची मात्रा हळूहळू वाढवणे, रक्त तपासायला लावणे आणि फोनवर वजन विचारणे हे आहे. डॉक्टर क्वचित भेटतात. या बाई नेहमी. आपल्याकडे हे काम कोण करते? मला वाटते, करायचेच झाले तर घरातल्याच एखाद्या माणसाने एक वही घालून करावे: वजन, रक्तदाब, नाडी, कोणती गोळी कोणत्या तारखेपासून किती. नव्या डॉक्टरपुढे ती वही ठेवली की अर्धे काम होते.

नळी_आणि_हातोडी

आपल्याकडे गरज त्याहून मोठी आहे. तिरुवनंतपुरममध्ये २०१३ साली अनेक रुग्णालयांनी मिळून भरती झालेल्या रुग्णांची नोंद केली, तेव्हा त्यांचे सरासरी वय ६१ च्या आसपास निघाले. पाश्चात्त्य देशांत हा आजार साधारण दहा वर्षे उशिरा गाठतो. म्हणजे आपल्याकडे घरचा कर्ता माणूस अंथरुणाला खिळतो.

एकटा_पिंपळ

शेवटच्या टप्प्याविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. वडिलांच्या छातीत आयसीडी बसवले होते, म्हणजे ठोका घातकरीत्या बिघडला तर आतूनच झटका देणारे यंत्र. त्याने एकदा त्यांचा जीव खरोखर वाचवला. पण शेवटच्या आठवड्यात, सगळे संपत आल्याचे सर्वांना कळत असताना, ते यंत्र पुन्हा पुन्हा झटके देत राहिले. झटका देण्याचे कार्य बाहेरून बंद करता येते आणि त्यासाठी शस्त्रक्रिया लागत नाही, हे आम्हांला कोणी सांगितले नाही, आणि आम्हांलाही विचारायचे सुचले नाही. ज्यांच्या घरी असे यंत्र आहे त्यांनी माणूस धडधाकट असतानाच, त्याच्यासमोर, हा विषय काढावा. आपल्या उपचारांविषयीची इच्छा आधी लिहून ठेवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केला आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. वडील मास्तरांसारखेच स्पष्टवक्ते होते. विचारले असते तर त्यांनी नक्की सांगितले असते.

निवृत्त_मास्तर

पिंपळराव, माझ्याही छातीत ते यंत्र आहे. तुमचा प्रतिसाद मुलाला वाचायला दिला. आम्ही बोललो. बरे झाले तुम्ही लिहिलेत.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. काल आईला घेऊन डॉक्टरांकडे जाऊन आलो. या वेळी प्रश्न कागदावर लिहून नेले होते, त्यामुळे रांग असूनही त्यांनी वेळ दिला. त्यांनी औषधांचे दोन गट करून दाखवले. लघवीची गोळी साठलेले पाणी काढण्यासाठी असते. सूज नाही, वजन स्थिर आहे, म्हणून ती एक दिवसाआड केली आणि दोन आठवडे रोज वजन करायला सांगितले. वजन वाढले तर पुन्हा रोज. उरलेली चार मात्र हृदयासाठी आहेत, ती तशीच चालू. उलट कार्व्हेडिलॉलची मात्रा अजून वाढवायची आहे, कारण नाडी ८४ आहे. पोटॅशियम ४.९ आले, ते महिन्याने पुन्हा पाहायचे. चिठ्ठीवर स्वस्त पर्याय लिहून दिले, आणि दरमहाचा खर्च ऐकून भावाचा विरोध तेथेच मावळला. मावशी अजून बधलेली नाही. पाच गोळ्यांतली एक तरी दिवसाआड झाली, यावर आई मात्र खूष आहे.

लेखापाल

चार गोळ्या आयुष्यभर, हे मला अजून पटलेले नाही. परंतु निर्णय चाचण्या पाहून घेतला गेला, यावर माझा आक्षेप नाही.

सुभाषनगरकर

जाता जाता एक. बायकोला सर्दी झाली आहे. दुकानातली नाक मोकळे करणारी गोळी चालेल का?

औषधपेटी

फेनिलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन असलेली नको, त्यांनी रक्तदाब आणि नाडी वाढते. बहुतेक ‘सर्दीच्या’ गोळ्यांत यांतले एक असतेच, म्हणून पट्टीच्या मागची बारीक अक्षरे वाचा. ताप किंवा अंगदुखी असेल तर साधी पॅरासिटामोल चालेल, पाण्यात फसफसणारी नव्हे, कारण तिच्यात सोडियम असते. वाफ घेऊ द्या. खोकला रात्री आडवे झाल्यावरच वाढत असेल, तर ती सर्दी समजू नका आणि उद्या सकाळी वजन करून डॉक्टरांना फोन करा. बसूनही श्वास पुरत नसेल तर सकाळपर्यंत थांबू नका, लगेच दवाखान्यात न्या. फ्लूची लस या वर्षी घेतली नसेल तर सर्दी बरी झाल्यावर तेही विचारून घ्या.